विरजणापासून चीजपर्यंत

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान. बोललेला मजकूर छपाईसाठी थोडा वाढविला आहे.)



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी मला निमंत्रण दिले तेव्हा त्यांच्या मनात संतवाङ्मयावरचा, फार तर मराठी कादंबरीवरचा एखादा विषय असावा. तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोण करील? चीज कसे मुरते आणि ते मुरविण्यासाठी जिवाणू कसे वाढवितात, या विषयावर बोलेन असे मी कळविले. त्यावर त्यांनी दूरध्वनी करून जरा चाचरतच विचारले, "सर, चीज म्हणजे बंदिशच ना?" उस्ताद फैयाज खाँसाहेबांनी जिथे आयुष्याची इतकी वर्षे घालविली त्या बडोद्यात हा प्रश्न स्वाभाविक होता. मी म्हणालो, "नाही, खायचे चीज." क्षणभर थांबून ते म्हणाले, "बरं. पण मराठीतच बोलाल ना?" त्यांच्या या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आजचे व्याख्यान, असे समजावे.

विषयाचे मूळ घरातले आहे. गेल्या वर्षी पुतण्याच्या वाढदिवसाला मुलांनी बाहेरून पिझ्झा मागविला. माझी आई त्र्याऐंशी वर्षांची. एकादशी, चतुर्थी, चातुर्मास हे सारे अजून निगुतीने पाळते. नातवाने पुढे केलेला तुकडा ताटात घेऊन तिने विचारले, "यात वासराच्या पोटातलं काही नाही ना रे?" तिने ते कुठेतरी वाचले होते, बहुधा आपल्याच ग्रंथालयातून घरी येणाऱ्या एखाद्या मासिकात. मी म्हणालो, "नसावं." ती म्हणाली, "नसावं म्हणजे?" माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि दुधातल्या जिवाणूंवरच तिचे संशोधन चालू आहे. ती मदतीला धावली : "आजी, वेष्टनावर हिरवी खूण असते." आई म्हणाली, "खूण राहू दे गं. करतात कसं, ते सांग."

मुलगी सांगू लागली आणि चौथ्या वाक्याला इंग्रजीत शिरली. तिला विषय येत होता. आजीशी बोलायला शब्द नव्हते. मला शब्द येत होते आणि विषयाचा गंध नव्हता. आईचा तुकडा ताटात तसाच राहिला. ज्या घरात मुलगी त्या विषयात संशोधन करते आणि बाप मराठीचा अध्यापक आहे, त्या घरात एका वृद्ध बाईच्या साध्या प्रश्नाला तिच्या भाषेत उत्तर मिळू नये, याची मला त्या रात्री खरोखर लाज वाटली. पुढचे चार महिने मी वाचीत गेलो, मुलीला विचारीत गेलो आणि रात्रीच्या जेवणानंतर आईला थोडे थोडे सांगत गेलो. तेच आज आपल्यापुढे मांडतो आहे. त्यात जे चुकीचे असेल ते माझे. जे बरोबर असेल ते मुलीने तपासलेले आहे.

आपल्या भाषेत दुधाच्या अवस्थांना निरनिराळी क्रियापदे आहेत. दूध नासते, लिंबू पिळले की फाटते, विरजण लावले की लागते. दही लागते ते आम्लामुळे. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात, तिचे लॅक्टिक आम्ल करतात आणि ते आम्ल पुरेसे झाले की दुधातले प्रथिन एकत्र येऊन थिजते. चीजमध्ये याच्या जोडीला आणखी एक क्रिया होते. तिला मी 'साकळणे' म्हणतो. केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन. त्याचे सूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. प्रत्येक गोळ्याच्या अंगावर केसांची लव असावी तसा एक थर असतो आणि त्या लवेमुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणून दूध पातळ राहते. दूध पिणाऱ्या वासराच्या जठरात कायमोसिन नावाचा एक पदार्थ असतो. तो या लवेची एकच ठरावीक गाठ, साखळीतल्या १०५ व्या आणि १०६ व्या दुव्यांमधली, कापतो. लव गळते, दुधातल्या कॅल्शियमच्या साहाय्याने गोळे एकमेकांना धरतात, आणि कोमट दूध अर्ध्या तासात सुरीने कापता येईल असे घट्ट होते. निसर्गाने ही योजना वासरासाठी केली. दूध पोटात थिजले तर ते सावकाश पचते. माणसाने ती उचलली. वासराच्या जठराच्या अर्काला रेनेट म्हणतात. डेन्मार्कमध्ये ख्रिस्तियन हान्सेन यांनी १८७४ साली प्रमाणित रेनेट कारखान्यात बनवून विकण्यास आरंभ केला.

म्हणजे आईची शंका निराधार नव्हती. शेकडो वर्षे युरोपात चीज होत आले ते प्रामुख्याने कापलेल्या वासराच्या जठरावर.

आपल्याकडे मात्र दूध साकळण्यासाठी वनस्पतींचा उपयोग फार प्राचीन आहे. तैत्तिरीय संहितेत यज्ञासाठी दूध विरजताना पूतिका ही वनस्पती आणि पळसाची साल वापरण्याचा उल्लेख आहे. विरजणाला तेथे 'आतंचन' म्हणतात. या शब्दातला 'तंच्' हा धातू म्हणजे आकसणे, थिजणे. आपला 'तक्र' आणि त्यापासूनचे 'ताक' याच कुळातले. आता गंमत पाहा. कायमोसिनसारख्या पदार्थाला इंग्रजीत एंझाइम म्हणतात. त्याला शालेय पुस्तकांनी 'विकर' हा शब्द दिला, जो विद्यार्थी हटकून 'विकार' असा वाचतात. पण परिभाषेत आणखी एक शब्द आहे : 'वितंचक'. तो कानाला जड लागतो हे खरे, पण त्याच्या पोटात ताकाचा धातू दिसतो. ज्या कुणी तो योजिला त्यांना दुधाची आठवण होती असे मला मानावेसे वाटते. ज्या नगरीत १८९० साली कलाभवन निघाले आणि देशी भाषांतून तंत्रविद्या शिकविण्याचा प्रयत्न झाला, त्या नगरीत असा शब्द उच्चारताना संकोच वाटू नये. तरीही सोयीसाठी आज मी 'विकर' म्हणेन.

वासराला पर्याय कसा मिळाला, हे थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर चीजचा खप वाढला, वासरांची जठरे पुरेनात आणि शोध सुरू झाला. जपानमध्ये केई अरिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६० च्या दशकात म्यूकर जातीच्या एका बुरशीत दूध साकळणारे विकर सापडले. तिच्याच एका भावकीतल्या बुरशीचे विकर पुढे जगभर वापरात आले. त्याला सूक्ष्मजैविक रेनेट म्हणतात. आपल्या शेजारच्या आणंदच्या अमूलचे चीज याच प्रकारच्या रेनेटवर होते. आईच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे असे मिळाले.

दुसरी वाट अधिक नाजूक आहे. वासराच्या जठरातल्या पेशी कायमोसिन बनवितात ती कृती जनुकाच्या रूपाने लिहिलेली असते. शास्त्रज्ञांनी त्या कृतीची नक्कल करून ती एका जिवाणूत बसविली. जिवाणू वाढत जातो आणि वासराचेच कायमोसिन बनवितो. वासराची गरज संपते. अशा कायमोसिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० साली मान्यता दिली. जनुके बदललेल्या जिवाणूकडून बनविलेला आणि अन्नात वापरण्यास तेथे अनुमती मिळालेला हा पहिला पदार्थ. हे आईला सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोथी उतरवून घेतली म्हणजे मूळ पोथी फाडावी लागत नाही, तसंच ना?" मी मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, "बाबा, हे मी माझ्या प्रबंधात घालू का?"

पण इथवर झाले ते फक्त दुधाचे साकळणे. चीज अजून व्हायचेच आहे.

साकळलेले दूध कापतात, किंचित तापवितात, निवळी काढून टाकतात, मीठ घालतात आणि दाबून चकती करतात. सुमारे दहा लिटर दुधाचे एक किलो चीज होते. ही ताजी चकती रबरासारखी चिवट असते आणि तिला चव जवळजवळ नसते. ती थंड खोलीत ठेवावी लागते. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या चेडर गावच्या नावाने जे चीज जगभर ओळखले जाते ते तीन महिन्यांपासून वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ ठेवतात. या काळात चकतीत जे घडते त्याला इंग्रजीत पिकणे म्हणतात. मला आपला 'मुरणे' हा शब्द अधिक नेमका वाटतो. आंबा पिकतो तो स्वतःच्या जोरावर. लोणचे मुरते ते त्यात घातलेल्या गोष्टी एकमेकींत शिरल्यामुळे. चीज मुरते.

ते मुरविते कोण? याचे उत्तर मला सर्वांत विलक्षण वाटले. दुधात आरंभी जे विरजण घातलेले असते त्यातले मुख्य जिवाणू म्हणजे लॅक्टोकॉकस. जोसेफ लिस्टर यांनी, शस्त्रक्रियेत जंतुनाशके आणणारे तेच लिस्टर, आंबलेल्या दुधातून हा जिवाणू एकटा वेगळा काढला आणि १८७८ साली ते काम प्रसिद्ध केले. शुद्ध स्वरूपात वेगळा केलेला हा पहिलाच जिवाणू मानला जातो. युक्ती अगदी साधी होती. आंबट दूध इतके विरळ करायचे की एका थेंबात सरासरी एकच जिवाणू यावा. तर, ताज्या चकतीच्या एका ग्रॅममध्ये असे सुमारे शंभर कोटी जिवाणू असतात. साखर संपलेली, अंगावर मीठ आलेले, आम्ल वाढलेले, थंडी. काही आठवड्यांत त्यांतले बहुतेक मरतात. आणि मेल्यावर त्यांचे खरे काम सुरू होते. पेशीचे कवच फुटते, आतली विकरे बाहेर सांडतात आणि पुढचे कित्येक महिने ती चीजमध्ये सावकाश काम करीत राहतात.

हे काम समजावून घेण्यासारखे आहे. केसीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. चकतीत उरलेले कायमोसिन आणि जिवाणूंच्या कवचावरचे एक विकर या साखळीचे मोठाले तुकडे करतात. त्यांचे पुढे मध्यम तुकडे होतात. आणि इथे एक अडचण उभी राहते : यांतले पुष्कळ मध्यम तुकडे कडू असतात. केसीनच्या साखळीत प्रोलीन नावाचे एक अमिनो आम्ल वारंवार येते. बीटा-केसीनच्या २०९ दुव्यांपैकी ३५ प्रोलीनचे आहेत. प्रोलीन आले की साखळीला मुरड पडते आणि सर्वसाधारण विकराची कात्री तिथे अडते. जिवाणूच्या पोटात मात्र या मुरडीसाठी खास वेगळी कात्री असते. ती बाहेर आली तरच कडू तुकड्यांचे बारीक कण होतात, सुटी अमिनो आम्ले मोकळी होतात आणि त्यांच्यापासून पुढे चीजचा वास व स्वाद घडतो. मोठे तुकडे आधी, बारीक मागून. आणि बारीक करणारा मागे पडला तर कडवटपणा. मुरण्याचे सारे गणित एवढेच आहे.

आता व्यवहार. वर्षभर शीतगृहात माल ठेवायचा म्हणजे वीज, जागा आणि अडकलेले भांडवल. तेव्हा कारखानदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की मुरविणारी विकरेच बाहेरून जास्त घातली तर? १९८० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत बॅरी लॉ आणि त्यांचे सहकारी विगमोर यांनी हे पद्धतशीर करून पाहिले. त्यांनी बॅसिलस जातीच्या जिवाणूकडून मिळणारे प्रथिन कापणारे विकर चेडरच्या दह्यात मिसळले. चीज लवकर मऊ झाले, चवही लवकर आली. पण मात्रा जरा वाढली की ते कडू होई. मोठी कात्री जोरात चालली आणि बारीक कात्री होती तेवढीच राहिली. मग त्यांनी लॅक्टोकॉकसच्या पेशी फोडून आतली विकरेही सोबत घातली. कडवटपणा आला नाही आणि मुरण्याचा काळ बराच कमी झाला. हे काम १९८३ साली प्रसिद्ध झाले. मी शास्त्रज्ञ नव्हे, पण त्यातला विवेक मला फार आवडला. काळ कमी करता आला खरा. क्रम मात्र बदलता आला नाही.

विकरे घालण्यातही व्यावहारिक पेच आहेत. दुधातच ती घातली तर बहुतांश निवळीबरोबर वाहून जातात, म्हणून ती मिठात कालवून कापलेल्या दह्यावर टाकावी लागतात. आणि मुळात ती मिळवायची तर त्यांना बनविणारे जिवाणू पिंपानी वाढवावे लागतात. आता त्या विषयाकडे येतो. हे मी मुलीच्या प्रयोगशाळेत चार-पाच वेळा स्टुलावर बसून पाहिले आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की दोन जिवाणूंचे दोन स्वभाव आहेत. बॅसिलस हा उदार. तो आपले विकर बनवून बाहेर टाकतो. पेशी गाळून काढल्या की पाण्यात विकर तयार. त्याला हवा लागते, त्यामुळे टाकीत सतत हवा सोडावी आणि ढवळावे लागते. फेस येतो, तो वर चढू नये म्हणून काळजी घ्यावी लागते. लॅक्टोकॉकस हा कृपण. बारीक कात्र्या तो पोटाशी धरून बसतो. त्याला मारल्याखेरीज, म्हणजे पेशी फोडल्याखेरीज, त्या हाती येत नाहीत. बारीक काचेच्या मण्यांबरोबर घुसळून किंवा फार मोठ्या दाबाने अरुंद फटीतून ढकलून पेशी फोडतात, आणि हे करताना उष्णता होते म्हणून सारे बर्फात. विकर तापले की निकामी.

वाढविण्याची रीत अशी. उणे ८० अंशांवर ठेवलेल्या नळीतले चिमूटभर बी आधी लहान नळीत, मग चंबूत, मग पोलादी टाकीत. पोषक द्रवात दुग्धशर्करा, यीस्टचा अर्क, काही क्षार. तापमान ३० अंश. जिवाणू तासाभराच्या आत दुप्पट होतात. वीस वेळा दुप्पट झाले की एकाचे दहा लाखांवर जातात. पण ते जसजसे वाढतात तसतसे आम्ल सोडतात, आणि आपल्याच आम्लात गुदमरून थांबतात. घरच्या दह्याचे हेच होते. म्हणून दही एका मर्यादेपलीकडे आंबट होत नाही. टाकीत मात्र एक संवेदक आम्लता मोजत राहतो आणि ती वाढली की थेंब थेंब अल्कली पडत राहते. त्यामुळे दह्यात होतात त्याहून कितीतरी दाट जिवाणू तयार होतात.

इथे मला वाटले की आता फक्त भरपूर खायला घातले की झाले. मुलगी हसली. म्हणाली, "बाबा, तिथेच फसतात सगळे." पोषक द्रवात प्रथिनांचे तयार, बारीक केलेले तुकडे भरपूर असले की जिवाणू कात्र्या बनविण्याचे काम कमी करतो, आयते मिळत असताना कापायचे कशाला? जिवाणूंचे वजन भरपूर येते, विकर कमी. उपाशी ठेवले तर वाढच नाही. त्या दोन्हींच्या मधला मार्ग शोधण्यात तिचे दीड वर्ष गेले.

आणि त्यातले सहा आठवडे तर पार वाया गेले. तिच्या हाताशी असलेला वाण उत्तम होता. दुधात टाकला की रात्रीत दही. समृद्ध द्रवात तो पुन्हा पुन्हा वाढविला गेला. मग एक दिवस दुधात घातला तर दूध तसेच. जिवाणू जिवंत होते, निरोगी दिसत होते, पण दूध पचविणे विसरले होते. याचे कारण १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात लॅरी मॅके यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले होते. दुधातली साखर आणि प्रथिन वापरण्याची विद्या या जिवाणूच्या मूळ ग्रंथात नसते. ती प्लाझ्मिड नावाच्या लहान वर्तुळाकार पुरवणीत लिहिलेली असते. पेशी दुभंगताना ही पुरवणी कधीकधी एका लेकीकडे जात नाही. दुधात राहायचे असेल तर अशी लेक मागे पडते. आयत्या खाण्यावर मात्र तिचे काही अडत नाही. उलट ओझे कमी झाल्याने ती भराभर वाढते आणि थोड्याच पिढ्यांत सगळीकडे तीच होते. दुधातही ती थोड्या संख्येने टिकते, पण शेजारच्या जाणत्यांनी कापून टाकलेल्या तुकड्यांवर.

हे ऐकताना माझ्या मनात काय आले ते या सभागृहात सांगण्यास हरकत नसावी. आमच्या महाविद्यालयात मी लागलो तेव्हा मराठी विषय घेणाऱ्यांचा वर्ग भरलेला असे. आज ते विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजता येतात. सारे निरोगी आहेत, हुशार आहेत, कुणाचे काही अडलेले नाही. माझी स्वतःची मुलगी आजीला चार वाक्ये सांगू शकली नव्हती. मी तिला त्या दिवशी प्रयोगशाळेत काही बोललो नाही. ती बिचारी सहा आठवड्यांच्या श्रमावर पाणी पडले म्हणून टाकी धूत होती.

या जिवाणूंना आणखी एक शत्रू आहे, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी १९३५ साली दाखविले की चीजच्या कारखान्यात विरजण अचानक निष्प्रभ होते ते विषाणूंमुळे. फक्त जिवाणूंना ग्रासणारे हे विषाणू एका दिवसात सारी टाकी संपवितात आणि टाकीभर दूध तसेच राहते. तेव्हापासून कारखाने एकच वाण रोज वापरीत नाहीत. आलटून पालटून वापरतात.

आपल्याकडच्या संदर्भात एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. युरोपातली चीजविद्या मुख्यत्वे गाईच्या दुधावर उभी आहे. गुजरातेत म्हैस मोठी. म्हशीच्या दुधात केसीन आणि कॅल्शियम अधिक. त्यामुळे ते रेनेटने लवकर आणि घट्ट साकळते, चकती कोरडी व टणक होते आणि मुरते फार सावकाश. स्वादही तितका भरत नाही. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना आणंदला हरिचंद दलाया यांनी ती करून दाखविली हे आपणांस ठाऊक आहे. पुढे म्हशीच्या दुधाचे चीजही तेथे झाले. पण मुरण्याची ही अडचण म्हशीच्या दुधाच्या अंगचीच आहे, आणि म्हणूनच बाहेरून विकरे घालून मुरविण्याचा विचार इंग्लंडपेक्षा आपल्याला अधिक उपयोगाचा, असे मुलीचे मत आहे. आपण बाजारात घेतो ते डब्यातले चीज बहुधा 'प्रक्रिया केलेले' असते, म्हणजे कोवळे आणि मुरलेले चीज एकत्र वितळवून, विशिष्ट क्षार घालून साच्यात ओतलेले. त्या उष्णतेने विकरे थांबतात. ते पुढे मुरत नाही. सोय आहे, पण मला ते चीज आता थोडे मुके वाटते.

आता शेवटचा प्रसंग सांगून थांबतो. वाया गेलेल्या वाणाच्या जागी मुलीने कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतल्या संग्रहाकडून नवा वाण मागविला. दुग्धव्यवसायातल्या जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह तेथे आहे. काचेच्या लहानशा नळीत शीतशुष्क केलेली पांढरी पूड आली, वर दाखल क्रमांक. ते पाहून मी आईला म्हणालो, "हे त्यांचं ग्रंथालयच आहे. क्रमांक आहे, नोंद आहे, मागणीपत्र आहे." आईने नळी उजेडात धरून पाहिली. "परत कधी करायचं?" मुलगी म्हणाली, "परत नाही करायचं, आजी. वाढवून जपून ठेवायचं." आई म्हणाली, "म्हणजे विरजणासारखं." आणि मग दांडिया बाजारातल्या वाड्यात कुणाकुणाकडून विरजण येई, कुणाचे दही तारेचे होई म्हणून घेत नसत, आमच्या घरचे विरजण तिच्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातून आलेले आणि त्यानंतर कधी मोडलेले नाही, हे सारे तिने नातीला सांगितले. ती कहाणी मीही प्रथमच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी त्या विरजणाची वाटी झाकून प्रयोगशाळेत घेऊन गेली. लिस्टरसारखेच विरळ करीत तिने त्यातले जिवाणू वेगळे केले. त्यांतला एक वाण दुधात चांगला चालतो. आता तो उणे ८० अंशांवर ठेवलेला आहे आणि नळीवरच्या चिठ्ठीवर दिनांकाखाली देवनागरीत 'आजी–१' असे लिहिले आहे.

आईने अजून पिझ्झा खाल्लेला नाही. पण मागच्या महिन्यात वर्षभर मुरलेल्या चेडरचा नखाएवढा तुकडा, कशाने साकळले आहे ते नीट विचारून, तिने तोंडात टाकला. वास तुपासाठी आठवडाभर साठविलेल्या सायीसारखा येतो, असे तिचे मत पडले.